खिशातला चाकू: निवड, धार आणि निगा

खिशात बाळगण्यासाठी चाकू विकत घेण्यापूर्वी आठवडाभर एक नोंद ठेवावी, ती म्हणजे दिवसभरात आपल्याला नेमके काय काय कापावे लागते. मी जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या पट्ट्यात राहतो. माझी यादी निघाली ती अशी: खताच्या गोणीची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, बियाण्याचे पाकीट, पार्सलवरची चिकटपट्टी, झाडावरून नुकतीच उतरवलेली मोसंबी आणि एकदा चपलेच्या तळव्यात मोडून बसलेला बाभळीचा काटा. यांपैकी एकाही कामाला सात सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागले नाही. त्याहून मोठ्या कामांसाठी आपल्याकडे विळा, कोयता आणि कुऱ्हाड पूर्वापार आहेत. बीडकडच्या ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणूनच मोजली जाते, इतके ते अवजार जगण्याशी जोडलेले आहे. खिशातल्या चाकूकडून कोयत्याचे काम करून घेऊ पाहणाऱ्याचे पातेही मोडते आणि बोटही कापते.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. चाकूची निवड करतानाच त्याच्या धारेचा विचार करावा. ज्या पात्याला आपण घरी, साध्या दगडावर, अर्ध्या तासात धार लावू शकू, तेच पाते घ्यावे. बाकीची वैशिष्ट्ये त्यानंतर पाहावीत.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांच्या हत्यारांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. सात सेंटिमीटरचा मिटता चाकू या मापांच्या जवळपासही जात नाही. तथापि आपल्या भागात अधिक लक्षात ठेवण्यासारखी बाब वेगळी आहे. सण, निवडणुका किंवा मोर्चे यांच्या सुमारास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघतात, ते वर्तमानपत्रात छापून येतात, आणि त्यांत तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूचेही नाव असते. असा आदेश लागू असताना चाकू घरी ठेवावा. न्यायालय, परीक्षा केंद्र, सरकारी कार्यालय येथे जातानाही तो सोबत नसावा, आणि विमानाने जायचे असेल तर हातातल्या पिशवीत न ठेवता आधीच जमा करण्याच्या सामानात टाकावा. बटण दाबताच पाते उसळून बाहेर येणारा खटक्याचा चाकू घेऊच नये. रोजच्या कामात त्याचा काडीचाही उपयोग नसतो आणि तो बाळगणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर विनाकारण ओढवून घेण्यात अर्थ नाही.

पोलाद कसे ओळखावे

पोलादाच्या नावांचा बाजार मोठा आहे आणि पात्यावर कोरलेल्या ‘स्टेनलेस’ या शब्दावरून फारसे काही कळत नाही. मूळ तत्त्व मात्र सोपे आहे. जालना पोलादासाठी प्रसिद्ध असले तरी इथल्या कारखान्यांतून प्रामुख्याने बांधकामाची सळई निघते. सळईच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १७८६ मध्ये, कार्बनचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवलेले असते, कारण सळई वाकली तर चालते, ती तुटता कामा नये. चाकूच्या पात्याला साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन लागतो. तेवढा असेल तरच पाते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझवल्यावर कडक होते. लोहार यालाच पोलादाला ‘पाणी देणे’ म्हणतात. म्हणून सळईचा तुकडा ठोकून केलेला चाकू दिसायला कितीही देखणा असला, तरी त्याला पाणी चढत नाही आणि धार दुसऱ्या दिवशी जाते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक असतो, आणि विळे-कोयते घडवणारे घिसाडी कारागीर तोच पाटा शोधत फिरतात त्याचे कारण हे आहे.

साधे कार्बन पोलाद आणि स्टेनलेस यांत निवड करायची झाल्यास आपल्या हाताची सवय पाहावी. कार्बन पोलादाला दगडावर पटकन आणि अतिशय बारीक धार येते, पण मोसंबी किंवा कैरी कापून पाते तसेच मिटले, तर त्या आंबट रसाने थोड्याच वेळात त्यावर करडे डाग पडतात आणि पुढच्या फळाला लोखंडाची चव लागते. कालांतराने साऱ्या पात्यावर गडद करडी झाक चढते. तिला घाबरू नये, ती गंजाला काही अंशी अडवते. तांबडा गंज मात्र लगेच पुसून काढावा. स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, चाकूच्या पात्यांत बहुधा तेरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. ज्याला काम झाल्यावर पाते पुसण्याची सवय नाही त्याने स्टेनलेसच घ्यावे, आणि हे मी स्वतःकडे बोट दाखवून सांगतो.

पात्याचा कठीणपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. ५५ ते ५८ च्या दरम्यानचे पाते घरच्या दगडाला सहज दाद देते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे चाकू साधारण ५६ च्या आसपास असतात. ते लवकर बोथट होतात अशी तक्रार ऐकू येते, पण दहा मिनिटांत पुन्हा धारदार होतात हे त्याच तक्रारीचे उत्तर आहे. ६० च्या वरची महागडी पोलादे धार फार दिवस धरतात, परंतु एकदा ती गेली की साध्या दगडावर तासन्तास घासत बसावे लागते, आणि ज्यांत व्हॅनेडियम अधिक असते त्यांना तर हिऱ्याचा लेप असलेली पट्टीच लागते. नक्षीदार ‘दमास्कस’ पाती यात्रेत आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यांतल्या अनेकांवरची नक्षी केवळ वरवर कोरलेली असते.

दुकानात हाती घेऊन

पात्याची लांबी सहा ते आठ सेंटिमीटर आणि पाठीची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असावी. जाड पाठीचा चाकू दणकट वाटतो, पण तो मोसंबी कापण्याऐवजी फोडतो. करवतीसारखे दाते असलेले पाते दोरखंडासाठी उत्तम असले तरी त्याला घरी धार लावणे जिकिरीचे असते, त्यामुळे सरळ धारेचेच पाते घ्यावे.

पाते उघडल्यावर जागेवर राहण्याची तऱ्हा दोन प्रकारची असते. एकात केवळ स्प्रिंगचा दाब असतो, तर दुसऱ्यात लॉक असते. माझ्या उजव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर एक आडवी पांढरी खूण आहे. सोळा मिलिमीटरच्या ठिबकच्या नळीत टोक खुपसून मी लॉक नसलेला चाकू पुढे रेटला होता, नळी उन्हात पडून कडक झालेली होती, टोक अडकले आणि पाते बोटावर मिटले. फळे, सुतळी आणि पाकिटे यांपुरता चाकू हवा असेल तर स्प्रिंगचा पुरेसा आहे. टोक रोवून ढकलण्याचे काम ज्याला पडते त्याने लॉकचाच घ्यावा. लॉकमध्ये मला सर्वांत भरवशाची वाटते ती फिरत्या कड्याची रचना. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंना, जे १८९० पासून बनत आहेत, असे कडे १९५५ पासून बसवले जाते. त्यात बिघडण्यासारखे काही नाही. त्यांची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते खाचेत घट्ट बसते, त्याचा इलाज शेवटी सांगतो.

दुकानात चाकू अर्धा उघडून पाते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर तो ठेवून द्यावा. मग पाते मिटून वरून पाहावे की ते दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसते की एका बाजूला घासते. शेवटी पाते उघडून धार डोळ्यांच्या रेषेत धरावी: मुठीपासून टोकापर्यंत ती सलग दिसली पाहिजे, मध्येच खोलगट असलेले पाते फळीवर कधीच पूर्ण टेकत नाही.

दगडाची निवड

धार लावणारा पदार्थ पोलादापेक्षा कठीण असावा लागतो, एवढे एकच सूत्र इथे पुरते. आपल्याकडे ओट्याच्या शहाबादी फरशीच्या कडेवर सुरी घासण्याची सवय घरोघरी आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. कठीणपणाच्या एक ते दहा अशा मोज़च्या मापावर तो तीनच्या आसपास भरतो, तर कडक पोलाद सहाच्या पुढे असते. फरशीवर घासून सुरी चकाकते, वळलेली धार जराशी सरळही होते, पण झिजते ती फरशी. काळ्या पाषाणाच्या पायरीवर पोलाद थोडेफार झिजते, परंतु त्याचा कण ओबडधोबड असल्याने धार खरबरीत राहते. याउलट कुरुंद नऊ आहे आणि कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही वर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा दुहेरी दगड याच पदार्थांचा असतो आणि सुरुवातीला तेवढा बस्स आहे. मात्र त्याची बारीक बाजूही तशी जाडच असते, म्हणून सोबत १००० क्रमांकाच्या आसपासचा (क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक) एक दगड मिळाला तर फरक लगेच जाणवतो.

दगड घ्यायचा नसेल तर रंगाच्या दुकानातून ४००, १००० आणि २००० क्रमांकाचे वॉटर पेपर आणावेत आणि जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याने चिकटवून वापरावेत. त्यावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढावे. धारेच्या दिशेने ढकलले तर कागद फाटतो. आणि यातले काहीही हाताशी नसेल, तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी जे बिनचकाकीचे खरबरीत कडे असते, त्यावर प्रवासातही कामचलाऊ धार येते.

दगडावर पाणी वापरावे की तेल, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून वापरावे असे माझे मत आहे, कारण दगडाने एकदा तेल पिले की त्यावर पुन्हा पाणी चालत नाही आणि तेलात धूळ बसून दगड लाखेसारखा चोपडा होतो.

धार लावण्याची रीत

ओल्या फडक्यावर दगड ठेवावा म्हणजे तो सरकत नाही. चाकू धुऊन पुसावा आणि धार वर करून उजेडात धरावी. खऱ्या धारेला उजेड परावर्तित करण्याइतकी जाडीच नसते, त्यामुळे जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते तिथे धार मेलेली आहे असे समजावे. आता धारेच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने रेघ मारावी. दगडावर दोन-तीनदा पाते ओढून शाई कुठून गेली ते पाहावे: केवळ वरच्या कडेची गेली असेल तर पाठ फार खाली आहे, केवळ अगदी धारेची गेली असेल तर पाठ फार उंच आहे, संपूर्ण उताराची गेली तर कोन जमला.

कोन किती असावा? रोजच्या चाकूला प्रत्येक बाजूने वीस अंशांच्या आसपास योग्य ठरतो आणि तो मोजायला कोनमापक लागत नाही. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून उचलली की वीस अंश होतात, एक चतुर्थांश उचलली की जवळपास पंधरा. म्हणजे पाते अठरा मिलिमीटर रुंद असेल तर पाठ सहा मिलिमीटर उंच धरायची. केवळ फळे आणि भाजी कापणाऱ्याने पंधरा अंश ठेवावेत. गोण्या आणि नळ्या कापणाऱ्याने वीसच्या खाली जाऊ नये, धार चिरकते.

मुठीजवळून सुरू करून टोकापर्यंत, जणू दगडावरून कागदासारखा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा बेताने, पाते एका ओढीत न्यावे. टोकाकडे धार जिथे वळते तिथे मूठ किंचित उचलावी, नाहीतर टोक बोथट राहते. एकाच बाजूवर काम करत राहावे आणि धारेच्या पलीकडच्या बाजूला धातूची बारीक वळलेली कड तयार होईपर्यंत थांबू नये. वाळूजच्या कारखान्यांत काम केलेले लोक तिला ‘बर’ म्हणतात. ही कड हे एकच चिन्ह सांगते की घासणे धारेच्या अगदी शेवटापर्यंत पोहोचले. बहुतेकांची धार इथेच फसते: ती कड येण्याआधीच ते बाजू बदलतात किंवा बारीक दगडाकडे वळतात, आणि मग तासभर घासूनही चाकू होता तसाच राहतो.

कड बोटाला जाणवते, पण बोटावर विसंबण्यापेक्षा आपल्याकडे दारात असलेली वस्तू वापरावी. बोंडातून काढलेल्या कापसाचा पुंजका पाठीकडून धारेकडे, धारेला आडवा, हलकेच सरकवत न्यावा. जिथे कड आहे तिथे पात्यावर तंतू अडकून राहतात, जिथे नाही तिथून कापूस तसाच निसटतो. मुठीपासून टोकापर्यंत सर्वत्र तंतू अडकले की दुसरी बाजू घ्यावी आणि तिथेही हेच करावे, म्हणजे कड आता पहिल्या बाजूला येईल.

यानंतरचे काम कड घालवण्याचे. हाताचा दाब निम्म्यावर आणावा. एका बाजूने पाच, दुसऱ्या बाजूने पाच, मग चार-चार, तीन-तीन असे उतरत शेवटी एकेक ओढ, आणि त्या शेवटच्या ओढींना चाकूच्या वजनापलीकडे दाब नसावा. बारीक दगडावर हाच क्रम पुन्हा करावा. तिथे कड जेमतेम जाणवेल इतकी बारीक येते.

सर्वांत शेवटी चामडे. पूर्वी न्हावी वस्तरा ज्या चामड्याच्या पट्ट्यावर फिरवीत त्याचे काम जुना कमरपट्टा करतो, फक्त तो खऱ्या चामड्याचा हवा. त्याची आतली खरबरीत बाजू वर ठेवून फळीवर ठोकावी आणि पाते पाठीच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी दहा-बारा वेळा ओढावे. कापसाचा पुंजका आता दोन्ही बाजूंनी न अडकता सरकला पाहिजे. त्यानंतर वर्तमानपत्राचा कागद एका हाताने उभा धरून कडेपासून कापत जावे; पाते जिथे अडते आणि कागद फाटतो तिथे मार्कर पुन्हा लावावा. अंगठा धारेवरून लांबीच्या दिशेने फिरवून परीक्षा घेणे कटाक्षाने टाळावे.

मोसंबीचे डोळे भरणाऱ्यांसाठी एक टीप: कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने उतार असतो. त्याच्या सपाट बाजूला कोन देऊ नये. ती दगडावर पूर्ण टेकवून फक्त कड पुसण्यापुरती एक-दोनदा ओढावी.

फिरत्या चाकाबद्दल

एकदा घाईत मी आजोबांचा कार्बन पोलादाचा चाकू बाजारात एका धार लावणाऱ्याकडे दिला. विजेवरचे कोरडे चाक, ठिणग्यांचा फवारा, आणि अर्ध्या मिनिटात काम झाले. घरी येऊन पाहिले तर धारेलगत, टोकापासून दोन बोटांच्या अंतरापर्यंत, पारव्याच्या मानेसारखी निळी-जांभळी झाक उतरली होती. त्या दिवशी चाकू वस्तऱ्यासारखा चालला आणि दोन दिवसांत दोरीवरून घसरू लागला. कारण सरळ आहे. तापत जाणारे पोलाद दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे फिकट पिवळे, मग तपकिरी, जांभळे आणि तीनशेच्या आसपास निळे होते, आणि निळ्यापर्यंत गेलेल्या पात्याचे पाणी उतरलेले असते. पातळ धार तर क्षणात तापते. ती निळी पट्टी पूर्ण झिजेपर्यंत मला जाड दगडावर दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. खाली चांगले पोलाद शिल्लक होते म्हणून चाकू वाचला.

विळा आणि कुऱ्हाड लोहाराकडून पाजवून आणायला काहीच हरकत नाही, त्याला ताप आणि पाणी दोन्ही कळतात. चाकू चाकावर द्यायचाच झाला तर शेजारी पाण्याची वाटी आहे का ते पाहावे आणि प्रत्येक स्पर्शानंतर पाते बुडवायला सांगावे. पात्याला मोठी खाच पडली नसेल तर चाकाची गरज पडत नाही.

तेल आणि निगा

आठवड्यातून एकदा चामड्यावर पाते फिरवले तर दगडाची पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. मिटत्या चाकूच्या खाचेत काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू साचून घट्ट लगदा होतो; तो कडुलिंबाच्या बारीक काडीने काढावा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. फळांसाठीचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे. घरात करडईचे तेल असते म्हणून तेच घालू नये: ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरणारे तेल आहे, रंगांत वापरतात ते याच गुणामुळे, आणि महिनाभरात पाते गोंदाने चिकटवल्यासारखे अडते.

जो गुण बिजागरीला मारक ठरतो तोच लाकडी मुठीला उपकारक आहे, आणि फुगणाऱ्या मुठीचा इलाज इथेच आहे. उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण कोरडे असताना, पाते उघडे ठेवून मुठीला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचे तेल पुसून घ्यावे आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे. असे तीन हात झाले की पावसाळ्यात पाते खाचेत अडकण्याचे प्रमाण बरेच कमी होते. ज्या चिंधीने हे तेल लावले ती बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना स्वतःच तापते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती पाण्यात भिजवावी किंवा दोरीवर मोकळी पसरून कडक होईपर्यंत वाळवावी.